खासबागेचें मैदान

मनुष्याच्या मनांत कांहीं स्थळें कायमचें घर करून राहातात. तीं फार रमणीय असतात म्हणून नव्हे, तर तेथें आपण कांहीं तरी प्रथमच नीट पाहिलेलें असतें, आणि त्या पाहाण्याचा संस्कार पुढील साऱ्या आयुष्यावर उमटलेला असतो. शाळेच्या वार्षिकासाठीं जुन्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आठवणी लिहून द्याव्या अशी सूचना आली, तेव्हां मालवणच्या कोणाहि मुलास आठवावा तसा मला प्रथम समुद्रच आठवला; पाण्यांत उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला आठवला; पहांटे रापण ओढणाऱ्या लोकांचा हाकारा कानांत घुमूं लागला. परंतु ह्या गोष्टींवर आजपर्यंत पुष्कळांनीं लिहिलें आहे व पुढेंहि लिहितील. मला आज ज्या स्थळाविषयीं लिहावयाचें आहे तें समुद्रकांठीं नाहीं. तें घाटाच्या वर, कोल्हापूर शहरांत आहे. त्याचें नांव खासबागेचें मैदान.

तुम्ही म्हणाल, कुस्तीच्या मैदानाची कथा शाळेच्या वार्षिकांत कशाला? जे कुस्ती खेळतात त्यांनीं ती सांगावी! पण मी पैलवान नव्हतों व पैलवान होण्याची माझी इच्छाहि नव्हती. मी केवळ प्रेक्षक म्हणून तेथें बसलों. आणि प्रेक्षक म्हणून बसणें हीसुद्धां एक विद्या आहे, व ती प्रयत्नानें शिकावी लागते, हेंच मला या लेखांत सांगावयाचें आहे.

माझे थोरले मामा कोल्हापुरास गुळाच्या बाजारांत एका अडत्याकडे हिशेबनीस होते. १९७५ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत ते मला प्रथम आपल्याबरोबर घेऊन गेले. त्या वेळीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झालेला नव्हता. तो १९८१ च्या मे महिन्यांत झाला. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे रहिवासी होतों, आणि कोंकण रेल्वे तर कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती. आईनें बांधून दिलेलें सुक्या बांगड्यांचें व सोलांचें गांठोडें पायांशीं ठेवून एस. टी. च्या गाडींत बसावयाचें, कणकवलीवरून फोंडाघाट चढावयाचा, दाजीपूरच्या दाट रानांतून राधानगरी गांठावयाची, आणि मग सपाटीवरच्या उंसाच्या शेतांतून कोल्हापूर. घाट चढतांना दमट वारा मागें पडे व कानांत दडे बसत. राधानगरीजवळ धरणाचें पाणी दिसूं लागलें कीं मामा मला जागें करीत आणि म्हणत, "ह्यां महाराजांनी बांधलां. आणि आता बघूक जातलंस तांव तेंनीच बांधलां." भोगावती नदीवरील त्या धरणाचें काम राजर्षि शाहू छत्रपतींनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू करविलें. शेतकऱ्याला पाणी आणि मल्लाला माती, दोन्ही एकाच पुरुषाच्या कल्पनेंतून आलीं, ही गोष्ट माझ्या बालमनावर अशी त्या रस्त्यावरच ठसली.

खासबागेच्या मैदानाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. शाहू महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठीं इंग्लंडास गेले. त्या प्रवासांत रोम शहरीं त्यांनीं कलोसियम हें प्राचीन क्रीडागृह पाहिलें, आणि तशा घाटाचें मैदान आपल्या मल्लांसाठीं असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ सालीं तें मैदान तयार झालें. कलोसियम इसवी सन ८० मध्यें लोकांस खुलें झालें होतें. म्हणजे अठराशें वर्षांपूर्वीच्या कल्पनेचें बीं पंचगंगेच्या कांठीं येऊन रुजलें. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे, व तो विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रोमच्या त्या वास्तूंत माणसें माणसांशीं व श्वापदांशीं झुंजत, आणि कित्येकांचे प्राण प्रेक्षकांच्या करमणुकीपायीं जात. खासबागेंत आकार तोच घेतला, पण रक्ताचा खेळ टाकून दिला. येथें हरलेला मनुष्य उठतो, अंगावरची माती झाडतो, जिंकणाऱ्याच्या हातांत हात देतो व रात्रीं आपल्या घरीं जाऊन जेवतो. परक्या देशांतून काय घ्यावें व काय तेथेंच सोडून यावें, याचा याहून सुंदर धडा कोणत्या पुस्तकांत सांपडेल?

मैदानाची रचना अशी आहे. मधोमध तांबड्या मातीचा गोल आखाडा, आणि त्याच्या चहूं बाजूंनीं जमीन हळूहळू उंच होत गेलेली. एखाद्या प्रचंड परातीच्या तळाशीं चिमूटभर कुंकू ठेवावें तसें वरून पाहाणाऱ्यास वाटतें. या चढामुळें पुढें बसलेल्याचें डोकें मागच्याच्या आड येत नाहीं. पंचवीस-तीस हजार माणसें दाटीवाटीनें बसलीं, तरी शेवटच्या रांगेंतल्या हमालाला पैलवानाचा पाय केव्हां सरकला हें दिसतें, आणि पुढच्या खुर्चीवरील सावकारालाहि तेंच दिसतें. पैसे अधिक दिल्यानें बसावयास खुर्ची मिळेल. कुस्ती मात्र अधिक मिळत नाहीं. शाहू महाराजांच्या साऱ्या कारकीर्दींत जी समतेची तळमळ दिसून येते, ती त्यांनीं येथें जमिनीच्या उतारांतहि घालून ठेविली आहे, असें मला पुढें मोठेपणीं वाटूं लागलें.

या मैदानाला छप्पर नाहीं. मोठा झाल्यावर मीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहराच्या घुमटाच्या क्रीडागृहाविषयीं वाचलें. तें १९६५ सालीं उघडलें, आणि तेवढ्या मोठ्या मैदानावर घुमट घालण्याचा तो पहिलाच प्रयत्न असल्यामुळें साऱ्या जगानें त्याचें कौतुक केलें. घुमटांतून ऊन आंत यावें म्हणून त्याला पारदर्शक तावदानें बसविलीं होतीं, व खालीं खरें गवत लाविलें होतें. परंतु त्या तावदानांच्या चकाकीमुळें खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांना रंग दिला. तेव्हां ऊन बंद झालें आणि गवत मेलें. शेवटीं १९६६ सालीं तेथें कृत्रिम गवत अंथरावें लागलें. त्या घुमटाखालीं लहानपण घालविलेल्या लोकांनाहि तें स्थळ आमच्या खासबागेइतकेंच प्रिय असेल, यांत मला शंका नाहीं. कारण प्रेम छपराला पाहून बसत नसतें. पण तो वृत्तान्त वाचतांना मला आमच्या मैदानावरचा चैत्र-वैशाखाचा मोकळा घुमट आठवला. दुपारीं तो पांढुरका असे, शेवटची कुस्ती लागण्याच्या सुमारास तांबूस होई, आणि कधीं कधीं निकाल लागण्यापूर्वीच त्यावर पहिली चांदणी उगवे. त्याच्याखालीं माती जिवंत राही.

त्या मातीविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. आखाड्याची माती म्हणजे शेतांतून खणून आणलेली कसलीहि माती नव्हे. ती चाळून घेतात, तींत तांबडी काव मिसळतात, आणि ताक, तेल, लिंबाचा रस व हळद घालून ती पुनः पुनः उलथून मुरवितात. त्यामुळें माती मऊ राहाते, अंगाला फार खरचटत नाहीं, आणि खरचटलें तरी चिघळत नाहीं, असा पैलवानांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. पहिल्या दिवशीं मामांनीं मला अगदीं पुढें नेऊन ती माती चिमटींत धरावयास लाविली. तिला हळदीचा व आंबूस ताकाचा असा कांहीं संमिश्र वास होता. आमच्या घरीं सोलकढीच्या दिवशीं स्वयंपाकघरांत येतो तसा तो मला वाटला, आणि परक्या गांवांतील माझें परकेपण तेवढ्यावरच निम्में ओसरलें.

कुस्तीच्या दिवशीं दुपारपासूनच रस्ते मैदानाकडे वाहूं लागत. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या, सायकली, मालमोटारी भरून माणसें येत. तांबडे, गुलाबी, केशरी फेटे, खांद्यावर घोंगडी, हातांत भुईमुगाच्या शेंगांची पुडी. आंत शिरण्यापूर्वींच हलगीचा आवाज कानीं येई. हलगी कडाडूं लागली कीं माझ्यासारख्या कधीं जोर न मारलेल्या मुलाच्याहि दंडांत कांहीं तरी सळसळे. प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या होत. मग चढत्या क्रमानें मोठ्या जोडी लागत. आणि ज्या जोडीसाठीं सारें गांव लोटलेलें असे ती सर्वांत शेवटीं. पैलवान आंत येई, तो मातीला हात लावून कपाळीं नेई, चारी दिशांस सलामी देई, आणि शड्डू ठोकी. हजारों माणसें एका क्षणांत गप्प होत. एवढ्या माणसांचें गप्प होणें मीं त्यापूर्वीं कधीं ऐकिलें नव्हतें. मी मुद्दामच ऐकिलें असें म्हणतों, कारण ती शांतता खरोखरच कानांना जाणवे.

प्रथम प्रथम मला कांहींच समजत नसे. दोन धिप्पाड माणसें एकमेकांच्या मानेवर हात टाकून कपाळाला कपाळ लावून उभीं आहेत, कांहीं घडत नाहीं, आणि भोंवतालचीं माणसें मात्र श्वास रोधून पाहात आहेत, याचा अर्थ काय? मीं मामांना तसें विचारलें. मामा कोल्हापुरांत वीस वर्षें राहिले होते, तरी माझ्याशीं आपल्या बोलींतच बोलत. ते म्हणाले, "हातांकडे बघू नको रे. पायांकडे बघ. आपले रापणकार रापण वडतत तेव्हा तेंचे पाय बघलंस मा? तसांच ह्यां."

त्या एका वाक्यानें माझे डोळे उघडले. रापण ओढणारीं माणसें मीं शेंकडों वेळां पाहिलीं होतीं. दोर हातांत असतो, पण जोर पायांत असतो. टांच वाळूंत रुतवून, अंग मागें झोंकून, पावलापावलानें तीं माणसें मागें सरतात, आणि समुद्र जणूं त्यांच्यामागून ओढला येतो. मीं आखाड्याकडे पुनः पाहिलें, आणि कांहीं घडत नाहीं असें ज्यास मी म्हणत होतों त्या खडाखडींत केवढी हालचाल चालली आहे हें मला दिसूं लागलें. एकानें उजवा पाय बोटभर पुढें टाकला; दुसऱ्यानें तो तत्काळ ओळखून आपलें वजन मागच्या टांचेवर नेलें. एकानें मान दाबली ती खालीं दाबण्यासाठीं नव्हे, तर समोरच्यानें वर जोर करावा आणि त्याचा पट मोकळा व्हावा म्हणून. हळूहळू मला डावांचीं नांवें येऊं लागलीं: एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, मोळी, घिस्सा, धोबीपछाड. परंतु नांवें येण्यापूर्वीं पाहाणें आलें, हें माझें भाग्य. पुढें शाळेंत भूमितीचे सिद्धान्त शिकतांना, किंवा एखादी अवघड कविता वाचतांना, कांहीं समजेनासें झालें म्हणजे मला मामांचें तें वाक्य आठवे. जेथें सर्वांची दृष्टि आहे तेथून ती काढून, जेथें जोर आहे तेथें नेऊन पाहावी.

मातींतील कुस्तीला गुणांची बेरीज नसते. पाठ मातीला लागली, मल्ल चीत झाला, कीं निकाल. तोंपर्यंत पाव तास जावो अगर तास जावो. फारच वेळ गेला तर पंच कुस्ती बरोबरींत सोडवितात, पण त्यांत कोणाचेंच समाधान होत नाहीं. म्हणून येथें प्रेक्षकालाहि धीर लागतो.

१९७७ सालच्या उन्हाळ्यांतील एक कुस्ती मी कधीं विसरणार नाहीं. शेवटची जोड कोल्हापूरच्या एका तालमींतील मल्लाची व उत्तरेकडून आलेल्या एका पाहुण्या मल्लाची होती. सारें मैदान अर्थातच आपल्या माणसाच्या बाजूचें. अर्ध्या तासाच्या खडाखडीनंतर आपल्या मल्लानें पट काढला. पाहुणा खालीं गेला. हजारों कंठांतून आरोळी उठली. पण पाहुणा ज्या चपळाईनें खालून फिरला ती डोळ्यांचें पातें लवण्याइतकीहि सावकाश नव्हती. तो उभा राहिला, ढाक भरली, आणि आपला मल्ल आकाशाकडे तोंड करून मातींत पडला.

मैदान सुन्न झालें. फेटे हवेंत उडावयाचे ते हातांतच राहिले. हलगीवाल्याचा हातहि थांबला. त्या शांततेंत मामांनीं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेविली आणि टाळ्या वाजविण्यास आरंभ केला. आमच्यापासून दूर दुसऱ्या बाजूस एक वृद्ध फेटेवाला उठून टाळ्या वाजवूं लागला. मग दहा माणसें, मग शंभर. आणि पाहातां पाहातां तें सारें प्रचंड वर्तुळ त्या परक्या मुलुखांतील माणसासाठीं उभें राहिलें. तेव्हां त्या पाहुण्यानें काय करावें? त्यानें खालीं वांकून आपल्या मल्लाला हात देऊन उठविलें, त्याच्या पाठीवरची माती स्वतःच्या हातानें झाडली, आणि त्याचा हात धरून तो त्याच्यासह मैदानाभोंवतीं फिरला.

मी मात्र रडकुंडीस आलों होतों. मीं मामांना रागानें विचारलें, "आपला हरला, मग तुम्ही टाळ्या कशाला वाजवतां?" ते टोपी डोक्यावर ठेवीत म्हणाले, "आपलो हरलो रे, पण कुस्ती हरूक नाय."

बाहेर पडतांना दाराशीं पांढऱ्या मिशांचे एक वस्ताद भेटले. त्यांनीं मामांच्या पाठीवर थाप मारून विचारलें, "काय रं कोकण्या, गुडघा काय म्हणतोय?" मामा नुसते हंसले. मला त्या प्रश्नाचें मोठें कुतूहल वाटलें, परंतु मामांनीं तें हंसण्यावारीं नेलें. सुटी संपवून घरीं आल्यावर मीं आईला विचारलें, तेव्हां तिनें जें सांगितलें तें ऐकून मी थक्क झालों. मामा सतराव्या वर्षीं घरांतून न सांगतां कोल्हापुरास गेले होते, ते अडत्याकडे चाकरी करण्यासाठीं नव्हे, तर पैलवान होण्यासाठीं! तीन वर्षें ते तालमींत राहिले. पहांटे तीनला उठून जोर-बैठका, आखाडा खणणें, थोरल्या पैलवानांचें अंग रगडणें, हें सर्व त्यांनीं केलें. कोंकणचा पोरगा म्हणून प्रथम ज्यांनीं थट्टा केली, त्यांनींच पुढें त्याची पाठ थोपटली. आणि मग सरावाच्या एका कुस्तींत गुडघा निखळला. तो पुनः पूर्ववत् झाला नाहीं. खासबागेच्या मातींत एकदां उतरावें ही एकच इच्छा धरून आलेला तो मुलगा त्या मातींत कधींच उतरूं शकला नाहीं. परत गांवीं येण्याची त्याला लाज वाटली. अडत्याकडे तो हिशेब लिहूं लागला, आणि दर कुस्तीला तिकीट काढून प्रेक्षकांत बसूं लागला.

बाळांनो, ही गोष्ट कळल्यानंतर मामांचें तें टाळ्या वाजविणें मला निराळेंच दिसूं लागलें. आपणांस जें मिळालें नाहीं तें दुसऱ्यास मिळतांना डोळे भरून पाहाणें, त्यांत कडवटपणाचा लवलेशहि येऊं न देणें, आणि "आमच्या वेळीं असें नव्हतें" हें वाक्य तोंडांतून कधीं न काढणें, ही केवढी मोठी कुस्ती त्यांनीं रोज जिंकली होती! तिला पंच नव्हते, इनाम नव्हतें व हलगीहि नव्हती.

मैदानाला लागूनच दुसरी एक वास्तु होती, तिचा उल्लेख केल्यावांचून या आठवणी पुऱ्या होणार नाहींत. शाहू महाराजांनीं मल्लांसाठीं मैदान केलें, तसें नटांसाठीं त्याच्या शेजारींच पॅलेस थिएटर बांधविलें. तें १९१५ सालीं उघडलें, आणि १९५७ सालीं त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. केशवराव हे कोल्हापूरचेच. १९०८ सालीं त्यांनीं ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. १९२१ च्या जुलै महिन्यांत टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस 'मानापमान' नाटकाचा जो संयुक्त प्रयोग झाला, त्यांत ते धैर्यधर व बालगंधर्व भामिनी झाले होते. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, वयाचीं अवघीं एकतीस वर्षें पुरीं झालीं असतांना, ते निवर्तले. मामा मला तेथें संगीत नाटकांसहि नेत. एका भिंतीच्या अलीकडे गाणें आणि पलीकडे कुस्ती, असा शेजार दुसरीकडे कोठें असेल तर मला ठाऊक नाहीं. मामा म्हणत कीं दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे दम.

२०२४ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस रात्रीं त्या नाट्यगृहास आग लागली. दुसऱ्या दिवशीं, ९ ऑगस्टला, केशवरावांचा जन्मदिवस होता. ज्या रंगमंचावर शंभर वर्षांहून अधिक काळ गाणें झालें तो एका रात्रींत जळून गेला, आणि मैदानाच्या बाजूचा मंचहि आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. पुढें कांहीं आठवड्यांनीं मी कोल्हापुरास गेलों, तेव्हां त्या रस्त्यावर जुन्या जळक्या लांकडाचा वास येत होता. थांबून पाहाणारे लोक हलक्या आवाजांत बोलत होते. एखाद्या घरीं माणूस गेल्यावर बोलतात तसे. त्यानंतर नाट्यगृह फिरून उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी त्या दिवशीं माझ्या मनांत आलें कीं, लांकूड जळतें, छप्पर कोसळतें. परंतु त्यांनीं ज्यांना पाहावयास व ऐकावयास शिकविलें त्या माणसांतून तीं वास्तुरूपें शिल्लक राहातात, आणि तीं पुढें पोहोंचविणें हें अशा माणसांचें कर्तव्य होय. हा लेख लिहिण्यास तोहि एक हेतु आहे.

आपल्या जिल्ह्याचा या कुस्तीच्या परंपरेशीं कांहीं संबंध नाहीं असें कोणी समजूं नये. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या एखाद्या खेळाडूनें एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. खाशाबा कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे, व शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत. हेलसिंकीस जाण्यासाठीं त्यांच्यापाशीं पैसे नव्हते. तेव्हां त्या कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहातें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयास ज्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचें नांव आहे, तेच हे. त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या मुलामुलींनीं एकदां थांबून हें आठवावें. त्या गृहस्थांनीं स्वतः शड्डू ठोकला नाहीं. पण विद्यार्थ्याच्या अंगीं काय आहे हें त्यांनीं पाहिलें, व पाहिल्यावर स्वस्थ बसले नाहींत. चांगल्या प्रेक्षकाची ही सर्वांत वरची पायरी समजावी.

मामांसह मी शेवटचा खासबागेंत गेलों तो १९९४ सालीं. तोंपर्यंत त्यांची दृष्टि फार अधू झाली होती. आखाड्यावर दोन तांबूस ठिपके हालतात एवढेंच त्यांना दिसे. मी त्यांच्याजवळ बसून सांगत होतों, आतां एकानें डावा पाय आंत घातला, आतां दुसऱ्यानें कंबर खेंचली. थोड्या वेळानें त्यांनीं माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलें व म्हणाले, "रव. लोकांचो आवाज ऐक. माका कळता." आणि खरोखरच कुस्ती संपण्याच्या क्षणभर आधींच त्यांनीं टाळीसाठीं हात उचलले. १९९८ सालीं मामा वारले.

आज तेथें पूर्वीइतक्या वारंवार मोठ्या कुस्त्या होत नाहींत. जागतिक सामने गादीवर होतात, म्हणून मुलांना गादीवरचा सरावहि करावा लागतो, आणि तें योग्यच आहे. माझ्या लहानपणीं जी विद्या केवळ पुरुषांची मानीत, तींत आतां मुलीहि उतरल्या आहेत. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकांत साक्षी मलिक हिनें कांस्यपदक मिळविलें, तेव्हां मामा असते तर त्यांनीं टोपी काढून मांडीवर ठेविली असती, याबद्दल माझी खात्री आहे. घरोघरीं हातांतल्या यंत्रावर आतां साऱ्या जगांतील खेळ दिसतात. परंतु त्या लहानशा चौकटींत आपण पाहातों तें एकट्यानें. हजारों अनोळखी माणसांबरोबर एकदम गप्प होणें, व परक्या माणसाच्या गुणासाठीं त्यांच्याबरोबर उठून उभें राहाणें, हें त्यांत घडत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझें एवढेंच सांगणें आहे. कोल्हापुरास गेलांत तर अंबाबाईचें देऊळ व रंकाळा पाहून परतूं नका. त्या गोल मैदानाच्या सर्वांत वरच्या पायरीवर घटकाभर बसा. खेळ नसला तरी चालेल. मध्यें तांबडी माती दिसेल आणि वर आकाश. पालकांना विनंति अशी कीं, मुलांना पदकांच्या गोष्टी सांगाव्यात, तशाच न मिळालेल्या पदकांच्याहि सांगाव्यात. कारण सर्वांच्याच वांट्याला आखाडा येत नाहीं, पण पायरी प्रत्येकाच्या वांट्याला येते. त्या पायरीवर सरळ बसावें, नीट पाहावें, आणि ज्याचें त्याला द्यावें.